सतरा नंबरची बाटली

सुरतेत उधन्याचा पूल उतरल्यावर हेमराज पाटलाने चपला काढून हातातल्या पिशवीत टाकल्या. नवागामपासून इथवर तो चपला घालूनच आला होता. पुढे त्याची बायको कुसुम डोक्यावर कानबाईचा पाट घेऊन चालली होती. तिने मान न वळवता विचारलं, "आत्ता आठवली का देवी?"

"देवी नाही, पाय आठवले. नवी चप्पल चावते."

मिरवणुकीतल्या बायका हसल्या. ढोलवाल्याने तेवढ्यात दोन काठ्या जास्त हाणून घेतल्या.

श्रावणातला सोमवार होता. आदल्या दिवशी खान्देशी घराघरांत कानबाई बसली होती. नारळालाच डोळे लावायचे, नथ घालायची, लुगडं नेसवायचं, रात्र जागवायची आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर न्यायची. नवागामहून तापी लांब. तरी पाटील मंडळी पायीच जायची. गावाकडे तापीच होती आणि सुरतेतही तापीच आहे, मग रिक्षा कशाला, असं हेमराजचा बाप धुडकू म्हणायचा.

हेमराजच्या बाजूने नूतनबाई चालत होत्या. गल्लीतल्या मराठी शाळेत शिकवायच्या. मूळच्या परभणीकडच्या, त्यांच्या घरात कानबाई नाही. पण देवी शेजारच्या घरातून निघते तर चार पावलं सोबत जावं, म्हणून दरवर्षी तापीपर्यंत यायच्या. गल्लीतले अर्ज, दाखले, तक्रारी सगळं त्यांच्याच हातचं असायचं.

"हेमराजभाऊ, उद्या अकराला कॉलेजात साहेबांकडे जायचंय ना? काय ठरलं?"

हेमराजने सदऱ्याचा खिसा चाचपला. घडी केलेला कागद तिथेच होता. "ठरायचं काय त्यात? सही करायची नाहीतर घरी बसायचं. दीड वर्ष राहिलं रिटायर व्हायला."

"आणि केली सही, तर?"

"तर सुपडूची केस गेली. माझ्याच हाताने गेली."

कापडाचं तंत्र शिकवणाऱ्या एका कॉलेजच्या लायब्ररीत हेमराज तीस वर्षं परिचर आहे. कपाटं उघडायची, जर्नलं लावायची, वर्षाचे अंक गोळा करून त्यांची बांधणी करायची. बांधणी बाहेर दिली तर वेडीवाकडी करून देतात, म्हणून तो स्वतःच शिवायचा. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून त्या कपाटांपुढे ठेवायचा. ग्रंथपाल गुजराती, पण दसऱ्याला "पाटीलभाई, तमारी सरस्वती काढी?" असं आपणहून विचारायचे.

पांडेसऱ्यातल्या रंगाच्या कारखान्यांना सुट्टी असली की तिथले दोन-चार मास्तर लायब्ररीत यायचे. कोणता रंग कोणत्या पाण्यात बसतो, हे जर्नलात बघायचे. इंग्रजी येत नसेल त्याला कुणी पोरगा वाचून दाखवायचा. कुणी कुणाला ओळखपत्र विचारत नसे. पुस्तक टेबलावर आहे, माणूस खुर्चीवर आहे, त्यात विचारायचं काय?

मग जर्नलं छापणाऱ्या कंपन्यांचे एजंट आले. म्हणाले, आता कागदाची जर्नलं कशाला, सगळं कंप्युटरवर मिळेल, कायमचं. कॉलेजच्या साहेबांनी हुकूम काढला, जुने खंड रद्दीला द्या, हॉल मोकळा करा. यादीवर सही हेमराजची. त्याने केली. कायमचं आहे म्हणतायत तर असेल.

पण रद्दीचा टेम्पो दारात उभा राहिला आणि त्याचा हात चालेना. आपण शिवलेली, कुंकू लावलेली सरस्वती भजीवाल्याकडे जाणार. अर्धी कपाटं रद्दीत गेली, त्याला तो काही करू शकला नाही. उरलेले खंड त्याने पदरचं भाडं देऊन दुसऱ्या टेम्पोत घातले आणि तापीत सोडले. जीर्ण पोथी जशी सोडतात तसे, हात जोडून. त्या दिवशी घरी येऊन तो कुसुमला म्हणाला होता, बरं काम झालं माझ्या हातून.

वर्षभराने कळलं की रद्दीवाल्याने ते जाड खंड भजीवाल्याला दिलेच नव्हते. चौक बाजारातल्या जुन्या पुस्तकवाल्याने घेतले होते, आणि अजूनही कुणी मागितले तर तो देत होता. रद्दीत गेले ते वाचले. देवाला दिले ते बुडाले.

"मी गाढव," हेमराज म्हणाला. "लिहून ठेवा बाई कुठेतरी. हेमराज पाटील गाढव."

"तुम्ही भक्तीने केलं."

"भक्तीने विहिरीत ढकललं तरी माणूस मरतोच ना."

 मनातल्या मनात नूतनबाईंनी देवीचं नाव घेतलं असावं, ओठ हलले होते.

रिंगरोडच्या सिग्नलला मिरवणूक थांबली. बायकांनी पाट खाली न ठेवता डोकी बदलली. कुसुमने पाट जावेला दिला आणि मागे येऊन नवऱ्याच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली. "बाईंना सुपडूचं सगळं सांगितलं का, का नुसतंच गाढव गाढव चाललंय?"

सुपडू पांडेसऱ्यातल्या एका रंगाच्या कारखान्यात पुडीच्या खोलीत होता. रंगाची पूड फावड्याने काढून काट्यावर तोलायची आणि टाकीत ओतायची. एकोणीस वर्षं. आता त्याच्या लघवीतून रक्त जातं. कारखान्याने त्याला घरी बसवलं आणि म्हणाले, तंबाखू खातो, त्याचं फळ. नुकसानभरपाईच्या कचेरीने पुरावा मागितला, या पुडीने असा आजार होतो हे कुणी कधी तपासलंय का.

तपासलं होतं. ते हेमराजला ठाऊक होतं, कारण तपासणीच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या त्यानेच चिकटवल्या होत्या. सत्तावीस वर्षांपूर्वी कॉलेजचे देसाईसाहेब पांडेसऱ्यात गेले. पुडीच्या खोल्यांत काम करणाऱ्या बेचाळीस जणांची लघवी बाटल्यांत घेतली. लाजून कुणी देईना, तेव्हा हेमराजने आपल्या बापाला पुढे केलं. धुडकू पाटील, पुडीवर बावीस वर्षं. "लायब्ररीवाल्याचा बाप देतो तर आपण का नाही," म्हणत बाकीचे आले. धुडकूची बाटली सतरा नंबरची. या पुडीनेच हा आजार होतो असा लेख देसाईसाहेबांनी लिहिला, तो परदेशी जर्नलात छापून आला. चार वर्षांनी धुडकू रक्त मुतत मुतत मेला.

सुपडूची बायको धुरपदाबाई लायब्ररीत आली, तेव्हा हेमराज तोऱ्यात उठला. "आहे ना वहिनी. थांबा, आत्ता काढतो." कपाटाच्या जागी कंप्युटरची रांग होती. त्याचे पाय सवयीने तिथवर गेले आणि मग त्याला आठवलं, तो खंड आपण तापीत सोडला.

चौक बाजारात शोधलं. ते वर्ष तिथे नव्हतं. देसाईसाहेबांच्या घरी गेला. ते म्हातारे झालेले, हसायला लागले. "पाटील, मारी पासे पण नथी, माझ्याकडेही नाही. छापताना हक्क लिहून दिले जर्नलच्या कंपनीला. माझा लेख मला वाचायचा तर साडेतीन हजार रुपये मागतात, तेही एका दिवसापुरता."

"तुम्हाला किती दिले होते साहेब, लिहायचे?"

"काहीच नाही."

हे सांगताना हेमराज सिग्नलवर इतक्या मोठ्याने बोलला की ढोलवाल्याने वळून पाहिलं.

कॉलेज दरसाल त्या कंपनीचे पैसे भरत होतं. एक जर्नल हवं तर पन्नास नको असलेली सोबत घ्या, असा तो सौदा. कंप्युटरवर शोधलं तर लेख त्या गठ्ठ्यात होता. हेमराजने आठ पानं छापली आणि धुरपदाबाईच्या हातात दिली. पन्नास वेळा त्याने असं कुणाला ना कुणाला काही दिलं होतं. पण या पानांच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ आपोआप उमटली होती. कोणत्या कॉलेजात, कोणत्या तारखेला, किती वाजता छापलं. हेमराजला ती दिसली नाही. कारखान्याच्या वकिलाला दिसली.

त्याने कंपनीला कळवलं. कंपनीचं पत्र आलं, करारात फक्त विद्यार्थी आणि शिक्षक आहेत, बाहेरच्या माणसाला दिलंत तर सगळ्या कॉलेजचं बंद करू. कचेरीत वकील म्हणाला, कागद चोरीचा आहे, वाचू नका. आणि कॉलेजच्या साहेबांनी हेमराजला बोलावून छापलेला माफीनामा पुढे केला. "सही करी दो ने पाटीलभाई, वात पती जाय. मिटून जाईल सगळं."

त्यात लिहिलं होतं, मी माहिती चोरून बाहेर दिली.

सिग्नल सुटला. नूतनबाई थोडं चालून म्हणाल्या, "राग मानू नका भाऊ. पण हे तुमच्या रोटासारखंच झालं की. घरातल्या पुरुषागणिक सव्वा मूठ गहू घेता, त्याचा रोट करता, आणि भाऊबंदांशिवाय कुणाला तुकडा देत नाही. मी पंधरा वर्षं तुमच्यासोबत चालते, मला कधी मिळाला का?"

कुसुम हसली. "बाई, आज मनातलं बाहेर आलं."

हेमराज हसला नाही. "रोटाला गहू आमच्या घरचा असतो बाई. दळतो आम्ही, भाजतो आम्ही. म्हणून आम्हीच खातो, आणि पुरत नाही म्हणून कुणाला देत नाही. इथे गहू कुणाचा? बेचाळीस माणसांचा. माझ्या बापाची लघवी ती, कंपनीची नव्हे. दळलं देसाईसाहेबांनी, फुकट. पगार कॉलेजने दिला. कंपनीने फक्त झाकण लावलं. आता आमच्याच घरात येऊन म्हणतात, तुम्ही भाऊबंद नाही. आणि मी चोर."

"आवाज कमी," कुसुम म्हणाली. "देवी चाललीय पुढे."

"ऐकू दे तिला. तिलाही कळू दे, सुरतेत काय चाललंय."

तापीच्या ओवाऱ्यावर, म्हणजे घाटावर, गर्दी होती. जावेने पाट पायरीवर टेकवला. आरती झाली. कानबाईचा नारळ पाण्यात बुडवून कुसुमने पदरात घेतला, तो घरी परत न्यायचा असतो. हार, पानं, निरांजनाची वात तेवढी पाण्यात गेली. हेमराज त्याच पायरीवर उभा होता जिथून त्याने खंड सोडले होते. पाणी गढूळ होतं, काठाला प्लॅस्टिक साचलेलं.

"तुम्ही सही केली नाही तर?" नूतनबाईंनी हळू विचारलं. "घर कसं चालेल?"

"ते मी आणि कुसुम बघू. शिवणकाम येतं मला, जर्नलांवर शिकलोय." त्याने खिशातला माफीनामा काढला. नूतनबाईंना वाटलं, आता हा तो तापीत टाकणार. पण त्याने तो नीट घडी करून त्यांच्या हातात दिला. "पाण्यात काही टाकायचं नाही आता. एकदा टाकलं ते पुरे. हा ठेवा, उत्तर लिहिताना समोर लागेल."

"उत्तर?"

"माफी नको. उत्तर लिहा. आज संध्याकाळी. मराठीत लिहा, भाषांतर त्यांनी करून घ्यावं, त्यांच्याकडे पैसा आहे. पानं मी दिली असं लिहा. पुन्हा मागितली तर पुन्हा देईन, तेही लिहा. एक प्रत धुरपदाबाईला द्यायची, कचेरीत केसला जोडायला."

"आणि का दिलीत, ते?"

 रागाने हेमराजची मराठी मागे पडली आणि घरची अहिराणी ओठावर आली.

"त्या लेखमा त्याले सतरा नंबर म्हनतस," तो म्हणाला. "तुम्ही नंबर नका लिखू बाई. मना बापनं नाव लिखा. धुडकू पाटील. पूरं लिखा."