आहाराचा रकाना

पेणकरपाड्यातली आमची चाळ पाडायची ठरली. दिवाळीच्या आत खोली सोडायची होती. नवघरला एक घर भाड्याने मिळत होतं. मालकीणबाई तयार होत्या, पण त्यांच्या सोसायटीचा फॉर्म भरावा लागायचा. हे कामावर गेले होते, म्हणून मीच भरायला बसले.

त्यात 'आहार' असा रकाना होता. मला वाटलं, आपण काय जेवतो ते विचारतायत. सोमवारी वरण-भात, मंगळवारी मटकी, बुधवारी सुका जवळा, गुरुवारी भाकरी-पिठलं, शुक्रवारी बोंबील, रविवारी सुरमई, मिळाली तर. जागा पुरेना, म्हणून रविवार मागच्या बाजूला लिहिला.

दोन दिवसांनी फॉर्म परत आला. वर लाल शाईत 'मांसाहारी, नामंजूर', खाली सही-शिक्का. ह्यांनी डोक्याला हात लावला. मी रडायलाच लागले. मालकीणबाई मात्र खूश.

"अहो, बाकीच्यांना ते तोंडी नाही म्हणतात. तुम्हाला लिहून दिलंय."

मग त्यांनी आणि आम्ही मिळून सहकार खात्यात तक्रार दिली. तिथल्या एक बाई येऊन सोसायटीचं दप्तर तपासून गेल्या. नंतर सगळ्यांनाच सुनावणीला बोलावलं.

मला भीती वाटली की हसू येतं, लहानपणापासून. सुनावणी घेणारे साहेब माझा फॉर्म मोठ्याने वाचायला लागले आणि जवळ्यापाशीच मी फुटले. पदर तोंडात कोंबला. सुरमईला कारकूनही हसला. साहेबांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं, हा रकाना कुठल्या नियमात बसतो? ते बराच वेळ पुस्तकाची पानं उलटत राहिले. शेवटी म्हणाले, पहिल्यापासून चालत आलंय.

साहेब माझ्याकडे वळले. "शनिवार कोरा का ठेवलात?"

"शनिवारी उपास असतो, साहेब."

त्यावर सेक्रेटरीसुद्धा हसले. मला तर उचकी लागली.

दिवाळीला बारा दिवस असताना आदेश आला: आहारावरून कुणाला नाकारायचं नाही, रकाना काढायचा, आम्हाला परवानगी द्यायची. सेक्रेटरी स्वतः नवा फॉर्म घेऊन आले. मी सही केली, पान उलटून पाहिलं आणि विचारलं, मागे काही लिहायचं का?

"नको हो ताई," ते घाईघाईने म्हणाले, "सही पुरे."