अकरा फुटांची गाडी आणि झाडाखालचं पान

आमच्या गोठ्याशेजारी ॲल्युमिनियमची एक जुनी गाडी उभी असायची. गाडी म्हणजे मोटार नव्हे. दुसऱ्या वाहनामागे जोडून न्यायची, चाकांवरची, दोन्ही टोकांना गोलसर झालेली अठरा फूट लांब खोलीच म्हणा ना. माझ्या जन्माआधी सातपुड्याच्या पायथ्याशी कुठल्याशा सर्वेक्षणाच्या लोकांचा तळ पडला होता. ते गेले, त्यांचं सामान लिलावात निघालं आणि वडिलांनी बैल जुंपून ही गाडी घरी आणली. एवढ्या हौसेनं आणलेल्या गाडीत पुढची चाळीस वर्षं आम्ही सोयाबीनचं आणि तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, भरत आलो.

मी संग्रामपूर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. करोनानंतर शाळा उघडली तेव्हा मुलांना परीक्षानळी धरायचीही भीती वाटायला लागली होती. आसपासच्या लहान शाळांत तर प्रयोगशाळाच नव्हती. तेव्हा वाटलं, ही गाडी कापून लहान करावी, आत टेबल, कप्पे, पाण्याची टाकी बसवावी, एक दुर्बीण ठेवावी, आणि जीपमागे जोडून गावोगाव न्यावी.

आमच्या ओळखीच्या वेल्डरनं पहिल्याच दिवशी पत्र्याला नारळाएवढं भोक पाडलं. ॲल्युमिनियम त्याच्या हातात लोण्यासारखं वितळलं. घाम पुसत तो म्हणाला, "सर, हे माह्या बसचं काम नाही. वरवट बकालले एक काका आहेत. बस डेपोच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले. बसचे पत्रे बसवू बसवू त्याहीची जिंदगी गेली. त्याहीले विचारा."

दुसऱ्या दिवशी मी वरवट बकालला गेलो. काकांचं घर नीटनेटकं होतं. बैठकीत बुद्धाची तसबीर, शेजारी मुलीचा पदवी घेतानाचा फोटो. मुलगी सिंचन खात्यात इंजिनिअर होती. काकूंनी चहा आणला. मी तो घेतला, आणि घेताना मनात नोंद केली की आपण या घरी चहा घेतला. खरं तर लाजेची सुरुवात तिथूनच होती. ज्याला काही वाटत नसतं, तो अशी नोंद करत नाही. घरी आल्यावर मी आईला कारागीर मिळाल्याचं सांगितलं. चहाचं सांगितलं नाही.

काका दुसऱ्या सोमवारपासून येऊ लागले. साठी उलटलेली, अंगानं सडपातळ, खिशात खडू. पहिले दोन दिवस त्यांनी हत्याराला हातच लावला नाही. गाडीभोवती फिरले, आत उकिडवे बसले, बोटानं पत्रे वाजवून पाहिले. मग प्रत्येक पत्र्यावर खडूनं आकडा टाकला.

"मधातले सात फूट काढून टाकू," ते म्हणाले. "दोन्ही गोल टोकं तशीच ठेवू अन् जोडू. ही गोलाई आज कोणाले जमत नसते, सर. तिले हात नाही लावायचा."

त्यांच्यासोबत काम करणं हा माझ्या आयुष्यातला फार चांगला काळ होता, हेही सांगितलं पाहिजे. रिबीट, म्हणजे पत्रे जोडायचा बिनआट्याचा खिळा, मारायला दोन माणसं लागतात. एकजण बाहेरून वजनदार ठोकळा रिबीटच्या डोक्यावर दाबून धरतो, दुसरा आतून हातोडी मारतो. दोघांच्या मधे पत्रा, एकमेकांचं तोंड दिसत नाही. एक ठोका म्हणजे थांबा, दोन ठोके म्हणजे पुढचा. रोज शाळा सुटली की मी शर्ट बदलून ठोकळा धरायला उभा राहायचो. सुरुवातीला माझा हात हलायचा, रिबीट वाकडा बसायचा. काका काही न बोलता तो ड्रिलनं काढून नवा घालायचे. महिनाभरानं एका संध्याकाळी आतून आवाज आला, "सर, आज एकही काढा नाही लागला!" शाळेत मला आदर्श शिक्षक ठरवलं तेव्हाही मी इतका खूश झालो नव्हतो.

लाकडी सांगाडा कुजला होता, म्हणून आत लोखंडी चौकोनी पाइप घातले. पाइप आणि पत्रा यांच्यामधे काका रबराची पट्टी ठेवत होते. मी विचारलं, काऊन? ते हसले. "लोखंड अन् ॲल्युमिनियम चिपकून ठेवलं, तं ओल लागली की पत्रा सडते. हे तं तुम्हीच शिकवता ना पोराईले?" मी खरंच शिकवत होतो. दहा वर्षं फळ्यावर लिहीत होतो, पण पत्र्यासमोर उभा असताना मला ते आठवलं नव्हतं.

आता चहाचं सांगतो.

पहिल्याच दिवशी आईनं दोन चहा बाहेर पाठवले. माझा स्टीलच्या कपात, काकांचा कागदी कपात. मी पाहिलं. करोनाची सवय असेल, असं स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मधे एक दिवस वायरिंगवाला आला. तो आमच्याच भावकीतला. त्याला स्टीलचा कप आला, आणि त्याच्याच शेजारी बसलेल्या काकांना कागदी. काकांनी चहा पिऊन कप चुरगाळला, खिशात घातला आणि म्हणाले, "चला, लाइनीचं भोक कुठं पाडायचं ते दाखवा." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. दुपारी ते निंबाखाली आपला डबा खात, मी घरात जेवत असे. "काका, आत या," असं मी एकदाही म्हटलं नाही. त्यांना झाडाखालीच बरं वाटतं, असं मी धरून चाललो होतो.

मग एकदा मी बाजाराला निघालो असताना आई म्हणाली, "कागदाचे कप सरले. येतानी एक पाकीट घेऊन येजो."

मी ते पाकीट आणलं. आईनं फक्त सांगितलं होतं. दुकानात उभा राहून मागणारा मीच होतो. दुकानदारानं विचारलं, "मोठे का लहान?" मी म्हणालो, "लहान." घरात दुसरं कोणी त्या कपात चहा पीत नव्हतं. आई पंचाहत्तरीची आहे, तिला काय बदलणार, असं मी त्या दिवसांत पुष्कळदा मनाशी म्हटलं. तिला बदलायचा प्रयत्न मात्र एकदाही केला नाही. एका वाक्याचंही भांडण केलं नाही. घरात शांतता राहावी म्हणून दुसऱ्याचा मान देऊन टाकणं मला सोपं गेलं.

सहाव्या महिन्यात गाडी तयार झाली. शेवटची परीक्षा पाण्याची होती. शेतातला पंप लावून छतावर धार सोडली आणि काका आणि मी आत, दार लावून बसलो. बाहेर धबाधबा आवाज. काका टॉर्च घेऊन एकेक सांधा पाहत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. थेंब नाही. काकांनी टॉर्च बंद केला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "सर, आता हिले घेऊन हिमालयात जा!" आम्ही दोघं लहान मुलांसारखे हसलो.

आईनं नारळ फोडायचं ठरवलं, आणि मोठ्या भावानं जेवणाचं. मुख्याध्यापक, शाळेतले सहकारी, भावकी, सगळे आले. मी स्वतः वरवट बकालला जाऊन काकांना आमंत्रण दिलं होतं. "सगळ्यांना घेऊन या," असं म्हणालो होतो. ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, सोबत काकू आणि मुलगी. काकांनी मुलीला गाडी सगळीकडून दाखवली. गोलाईवरून हात फिरवत ते तिला काही सांगत होते आणि ती खरोखर लक्ष देऊन, इंजिनिअरनं ऐकावं तसं ऐकत होती.

अंगणात पंगत मांडली जात होती. आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "त्याहीचे तीन पानं निंबाखाली लाव. तिथंच जेवतात ना ते रोज."

मी तिथं उभा होतो. भाऊ दारात होता, त्यानंही ऐकलं. माझ्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असणार, आता तरी हा काही बोलेल. एवढंच म्हणायचं होतं, "नाही. माझ्या शेजारी बसतील." मी म्हणालो, "बरं."

बाहेर येऊन मी काकांजवळ गेलो. सहा महिने आम्ही एकमेकांशी वऱ्हाडीतच बोललो होतो. त्या वेळी मात्र माझ्या तोंडातून शाळेतली भाषा आली. "काका, तुमची व्यवस्था तिकडे सावलीत केली आहे. जरा मोकळं बसता येईल."

काकांनी निंबाखालच्या तीन पत्रावळ्या पाहिल्या, मग अंगणातल्या दोन लांब रांगा. त्यांचा चेहरा रागावला नाही. दमल्यासारखा झाला. ते मुलीला म्हणाले, "चाल बाई. आपण जेवूनच आलो असं सांगू."

ती म्हणाली, "जेवून नाही आलो, बाबा. बोलावलं म्हणून उपाशी आलो." मग माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही, पण पहिल्या रांगेपर्यंत गेला. "सर, बाबा घरी येऊन रोज सांगत, सर लई चांगले आहेत, माझ्यासंग काम करतात. मी एकदा विचारलं, चहा कशात देतात? तर ते उठून अंगणात गेले. तेव्हाच समजले होते मी. तरी मी आज आले, कारण बाबांना यायचं होतं."

मुख्याध्यापक चष्मा पुसू लागले. काकूंनी मुलीचा दंड धरला. तिघं फाटकातून बाहेर पडले आणि पायी बसथांब्याकडे गेले. मी फाटकापर्यंतही गेलो नाही.

आणि पंगत बसली. मी वाढलं. नंतर मी जेवलोसुद्धा. दोनदा वरण घेतलं.

आठ दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. काका ओट्यावर बसले होते. मी हात जोडून म्हणालो, "काका, चुकलं माझं. माफ करा."

ते म्हणाले, "मले पह्यल्याच दिवशी समजलं होतं, सर. तुम्ही म्हणसान, मंग काऊन येत राह्यले? तं तुमच्यासाठी नव्हतो येत. त्या गाडीसाठी येत होतो. असं काम हाताले पुन्हा नसतं भेटत."

मी मान खाली घातली.

"अन् हे माफीचं सांगतो. मले तिकडं पाठवलं ते चारचौघांत पाठवलं. माह्या पोरीसमोर. आता माफी इथं एकट्यात कायले मागून राह्यले?"

मी तसाच परत आलो.

पुढचे दोन महिने मी गाडी घेऊन शाळाशाळांत गेलो. मुलं दुर्बिणीतून चंद्र पाहत, आम्लात लिटमस बुडवत. लोक माझं कौतुक करत, आणि मी "ही एका कारागिरानं बांधली" असं मोघम सांगे. शेवटी वरवट बकालच्या शाळेचं बोलावणं आलं. काका तिथं असतील म्हणून जाण्याआधी दोन रात्री मला झोप नव्हती. सरपंच, पालक, दोनशे मुलं. भाषणाला उभा राहिलो आणि म्हणालो, "ही गाडी तुमच्या गावच्या काकांनी बांधली. सहा महिने मी त्यांना कागदी कपात चहा दिला. गाडी झाली त्या दिवशी त्यांना घरच्यांसह जेवायला बोलावलं आणि पंगतीबाहेर बसायला सांगितलं. ते न जेवता गेले. मी तुम्हाला विज्ञान सांगायला आलो आहे, म्हणून हे आधी सांगतो."

मी समोरच्या रांगांत काकांना शोधत होतो. ते नव्हते. मुलीसोबत अकोल्याला गेले होते, असं नंतर कळलं. म्हणजे चारचौघांत सांगितलं तेही त्यांच्या पाठीमागेच.

घरी बातमी माझ्याआधी पोचली. भाऊ फोनवर ओरडला, "गावोगाव घरची अब्रू सांगत फिरून राह्यला का बे?" आई कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. एकदाच बोलली, आणि तेव्हा म्हणाली, "मले नावं ठेवतं. पाकीट तं तूच आणलं होतं." तिचं खरं होतं.

काकांकडून काहीच आलं नाही. पावसाळ्यानंतर खराब रस्त्यांनी गाडीच्या मागच्या दाराचं बिजागर उखडलं. इथल्या दोन वेल्डरना दाखवलं; दोघांनी मान हलवली. मी काकांचा नंबर लावला आणि पहिली रिंग वाजताच कापला. पाच मिनिटांनी त्यांचाच फोन आला.

"सर, तुमचा मिस कॉल होता."

"काका... दार बसत नाही."

"बिजागर गेलं असन. गाडी इकडं घेऊन या." ते पुढं म्हणाले, "तिकडं मी येत नसतो आता."

"हाव, काका."

रविवारी गाडी घेऊन गेलो. फाटक त्यांच्या मुलीनं उघडलं. तिनं गाडी कुठे लावायची ते दाखवलं, "बाबा अंघोळ करून येतात" म्हणाली आणि आत गेली. बसा म्हणाली नाही. मी अंगणात उन्हात उभा राहिलो, ते येईपर्यंत.