हौदातलं कासव आणि दारातलं घमेलं

दिंद्रुडकडच्या आमच्या गावात शहादेवभाऊ दूध सोसायटीत माप घ्यायचे. सख्ख्या मेव्हण्याचं दूध असलं तरी आधी त्यात लॅक्टोमीटर बुडवणार, मग "रामराम पाव्हणं" म्हणणार, असा माणूस. त्या दुष्काळात गुरं चारा छावणीला गेली, दूध आटलं, आणि कॅन गार ठेवायचा सोसायटीचा सिमेंटचा हौद रिकामा पडला. तशात गावच्या विहिरीचा तळ दिसू लागला. तळाच्या चिखलात एक कासव होतं.

भाऊंनी ते ओल्या पोत्यात गुंडाळून आणलं आणि हौदात सोडलं. पाणी टँकरचं, घरटी रोज एक तांब्या द्यायचा, असं ठरलं. गावानं हौद काठोकाठ भरला. कासव आपलं पोहतंय, भिंतीला नखं घासतंय, पुन्हा पोहतंय.

"आवो, त्याला टेकायला जागा हाय का?" भाऊंच्या पत्नी मुक्ताबाई म्हणाल्या. "तुमी दिवसभर पव्हून दाखवा बरं."

भाऊंना पोहता येत नव्हतं. त्यांनी निम्मं पाणी उपसून कडुलिंबाला घातलं, दगडांचा उतार रचला, अर्ध्या हौदावर उसाचं पाचट टाकलं. ऊन हवं तर ऊन, सावली हवी तर सावली. टँकरच्या पाण्याला औषधाचा वास येई, म्हणून ते दिवसभर उघड्या घागरीत ठेवूनच ओतायचं.

कासव रमलं. पण सहकार आडवा आला. ज्यानं तांब्या ओतला तो सभासद, आणि सभासदाला हक्क. बाया हळदीकुंकू वाहू लागल्या, छबुबाईंनी तर पुरणाचा नैवेद्यच सोडला. पाणी पिवळं झालं. कासवाचे डोळे सुजले. त्यानं मान आत घेतली ती बाहेर काढीना. घोळीच्या भाजीचं पानसुद्धा शिवेना.

"सांगा की बायांना," मुक्ताबाई म्हणाल्या.

"कोण्या तोंडानं सांगू? पाणी त्यांचं हाय. तांब्या बंद झाला तर हे जगंल का?" एरवी चेअरमनला न भिणारे भाऊ हौदाच्या कडेला तोंड पाडून बसून राहिले.

मुक्ताबाईंनी सोसायटीच्या दारात एक जुनं घमेलं पालथं घातलं आणि त्याला हळदीचं बोट लावलं.

"हे कशापायी?" छबुबाईंनी विचारलं.

"देवळाच्या दारात असतंय तसं कासव हाय. ह्याला वाहा काय वाहायचं ते. आतलं आजारी हाय."

"मी घमेल्याच्या पाया पडू?"

"दसऱ्याला खुरप्याच्या पडता की."

छबुबाईंनी डोक्यावर पदर घेतला. मग वाकल्या. एक वाकली म्हणल्यावर बाकीच्यांना काय अडचण? हौद धुवायला त्या दिवशी घरटी दोन-दोन तांबे आले.

पुढं एका सकाळी कासव उतारावर आलं, उन्हात मान लांबवली आणि भाऊंच्या हातातलं घोळीचं पान ओढलं.

"हळू बोला," भाऊ दारातल्या बायांना म्हणाले, "जेवतंय."

घरी जाताना आसपास कुणी नाही असं बघून त्यांनी घमेल्याला हात लावला, आणि तो कपाळाला.