सहाची जीप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. माझी कादंबरी वाचून ज्यांनी फोन केले त्यांना तर नाहीच — आणि खरं म्हणजे सांगायला हवं होतं ते त्यांनाच.

कादंबरी किशोरांसाठी आहे. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका लहान गावात सोलापुरातून एक तेलुगू मुलगी राहायला येते, गाव तिला आपलं म्हणत नाही, आणि ती धावण्याची शर्यत जिंकून दाखवते. एका परीक्षणात छापून आलं होतं, लेखिकेला परकेपण आतून कळलंय. ते कात्रण मी जपून ठेवलं. का ठेवलं असेल?

मी तर त्या गावचीच. परकी होती लक्ष्मी. वडिलांचं सोलापुरातलं मागावरचं काम सुटलं, म्हणून ती माणसं तिच्या मामाकडे मासेमारीला आली. नववीत ती माझ्या बाकावर बसायची. मराठी चांगलं बोलायची, फक्त हेल वेगळा. आम्ही त्या हेलाची नक्कल करायचो. सगळ्यात छान मला जमायची.

आठशे मीटरला तोवर शाळेकडून मीच धावायचे. त्या वर्षी सरांनी तिला निवडलं, मला राखीव ठेवलं. आणि तालुक्याला जायची जीप किती वाजता निघणार, हे तिच्या घरी कळवायचं काम माझ्यावर सोपवलं.

जीप सहाची होती. मी — कसं लिहू? — मी तिच्या दारात उभी राहिले. ती जाळ्यातला गुंता सोडवत होती. मला बघून हसली.

"किती वाजता यायचं?"

"आटला," मी म्हणाले.

एवढंच. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

सकाळी सरांनी थोडी वाट पाहिली, मग जीप निघाली. मैदानावर तिचा नंबर माझ्या छातीवर लागला. शर्यतीचा पुकारा झाला आणि फाटकातून लक्ष्मी आली. अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल. शाळेपाशी कुणीच नाही म्हटल्यावर बापलेक होडी वल्हवत पलीकडच्या काठाला गेली होती, तिथून उसाच्या ट्रॅक्टरवर बसून ती आली होती. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिना काढल्या आणि नंबर तिला लावला.

मग ती धावली. शेवटच्या वळणापर्यंत पाचवी होती. तिथून एकेकीला मागे टाकत गेली, आणि दोरीपाशी पोचली तेव्हा तिच्या आसपास कुणीही नव्हतं. मी तिच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडत होते. ते ओरडणं खोटं नव्हतं. हे दोन्ही एकाच मुलीत कसं मावतं?

सरांनी तिला विचारलं, उशीर का झाला. ती म्हणाली, आठ सांगितलं होतं. मी लगेच म्हणाले, "न्हाय सर, मी सहाच म्हणले. तिला मराटी कळत न्हाय की."

सगळे हसले. सरही. लक्ष्मीने काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. दहावी संपेपर्यंत ती वर्गात क्वचितच बोलली. शर्यत तिने माझ्या हातून सोडवून घेतली होती — बोलणं मात्र मी हिसकावलं.

आणि कादंबरीत काय लिहिलं मी? की भाषा कळली नाही म्हणून त्या मुलीची वेळ चुकली. वर तिची बाजू घेणारी एक मैत्रीण घातली. ती मैत्रीण म्हणजे मीच, असं मुलाखतीत सांगितलं.

गेल्या महिन्यात सोलापुरात पुस्तकाचा कार्यक्रम होता. लक्ष्मी आली. आता ती मुलींना धावायला शिकवते. दोन रांगा भरून तिच्या मुली होत्या. तिने माईक घेतला. हेल तोच.

"पुस्तकातली मुलगी मी. एक दुरुस्ती सांगते. माझं मराठी तेव्हाही चांगलं होतं. मला आठ ऐकू आलं, कारण आठच सांगितलं होतं."

कुणाचं नाव न घेता ती खाली बसली. आधी तिच्या मुली उठल्या, मग सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं. ती ताठ बसून होती, चेहरा उजळलेला. इतक्या वर्षांनी तिने आपलं वाक्य पुरं केलं होतं. मंचावर मीही टाळ्या वाजवल्या. मी बोलले नाही.

कादंबरीची नवी आवृत्ती छापायला गेली आहे. ते प्रकरण मी पुन्हा लिहिलंय. लक्ष्मीच्या दारात उभं राहून खोटी वेळ सांगणाऱ्या मुलीला त्यात आता नाव आहे. माझं.