शिवलेल्या पोत्यातला वायू

धम्मदीपा मॅडमच्या पिशवीत काय नसायचं? फुगे, बिनसुईच्या सिरिंजा, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, अत्तराची कुपी आणि या सगळ्याखाली दबून चपटा झालेला जेवणाचा डबा. रिसोडहून शिरपूरकडे जाणाऱ्या जीपमध्ये त्या बसल्या की शेजारची बाई आधी पिशवी न्याहाळायची आणि मग विचारायची, "म्याडम, कुठं जत्रा हाय का आज?" मॅडम म्हणायच्या, "रोजच असते." त्यात खोटं काही नव्हतं. शाळेला मिळालेली प्रयोगाची पेटी फुटू नये म्हणून कपाटात कुलूप लावून जपली जात होती, आणि मुलं मॅडमच्या पिशवीवर विज्ञान शिकत होती.

त्यांचे वडील ग्यानबा रिसोडच्या बाजारात हमाल. पाठीवर पोती वाहून त्यांनी पोरीला मास्तरीण केलं. "एवढी शिकली अन् काय करते, तर फुगे फुगवते," असं ते लोकांना सांगायचे, पण सांगताना छाती त्यांचीच फुगलेली असायची.

मॅडमची एक रीत होती. शाळेत शिकलेलं घरी जाऊन सांगायचं, आणि घरचे काय म्हणाले ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचं. याला मुलं 'घरची खबर' म्हणायची. त्यातून गावात विज्ञान किती पसरलं ते देव जाणे, पण करमणूक भरपूर व्हायची.

मार्च संपत आला होता, शाळा सकाळची झाली होती. सोमवारी सातवीच्या वर्गात मॅडमनी फुगा फुगवून गाठ मारली. सिरिंजचं तोंड बोटानं दाबून मुलांना दट्ट्या आत ढकलायला लावला. मग फळ्यावर ठळक अक्षरांत लिहून दिलं : वायू मिळेल ती सगळी जागा व्यापतो, पण बंद भांड्यात तो कोंडून राहतो.

मंगळवारी खबरा सुरू झाल्या. पहिला उठला बादल. "म्याडम, आबा म्हणे, वायू तर मले बी होते. ओवा खाल्ला का निघून जाते." सगळा वर्ग हसून लोळला, मॅडमही हसल्या. मग वैजयंती उठली. जगदेव पाटलांची ही मुलगी फार बोलायची नाही, पण आज तिच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

"म्याडम, आमी मधल्या खोलीत गहू भरला. किडे लागू नये म्हणून बाबानं आज सकायीच पोत्याइत गोळ्या टाकल्या. आजी म्हणे, मी त्या खोलीत निजत नाई, गोळ्यायचा वायू होते. मंग मी सांगतलं, पोतं शिवून बंद केलं का वायू आतच कोंडून राह्यते, आमच्या म्याडमनं शिकवलं. बाबा म्हणे, पोरगी हुशार झाली. आता आज मी अन् आजी तिथंच निजतो, ते खोली थंडी राह्यते ना."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमचे हात मात्र टेबलावरच राहिले. बाजारातल्या गोदामात त्या गोळ्या टाकल्या की आठ दिवस कुलूप लागायचं आणि ग्यानबा घरी बसून असायचे. त्या वायूनं किडा मरतो तसा माणूसही मरतो, हे मॅडमना कुठल्याही पुस्तकाआधी बापाकडून कळलं होतं.

आणि पोरीचं तरी काय चुकलं? फळ्यावर 'बंद' हा शब्द मॅडमनीच लिहिला होता. त्यांच्या मनात बंद म्हणजे गाठ मारलेला फुगा होता. या गावात दाभणानं सुतळी ओढून तोंड शिवलं की पोतं बंद, मग त्याच्या विणीतून वायू खुशाल बाहेर का येईना. हमालाच्या लेकीला हे सुचू नये, याची त्यांना मनापासून लाज वाटली. लाजेपेक्षा भीती मोठी होती.

शाळा सुटताच त्या वैजयंतीबरोबर तिच्या घरी गेल्या. जगदेव ओसरीवर बसले होते, त्यांची आई सोजरबाई खांबाला टेकून तंबाखू मळत होती. मॅडमनी पाणीसुद्धा घेतलं नाही, सरळ म्हणाल्या, "भाऊ, त्या खोलीत आज कोणी निजू नका."

"काहून?" जगदेव हसले. "तुमीच तर शिकवलं पोरीले. पोतं शिवेल हाय, पक्कं."

"मी अर्धंच शिकवलं. चूक पोरीची नाई, माही हाय."

मास्तर लोक चुकतात हे जगदेवना ठाऊक होतं, कबूल करतात हे नवीन होतं. तरी ते म्हणाले, "दरसाल टाकतो म्याडम. काही होत नाई."

माणूस सांगून ऐकत नसेल तर दाखवावं लागतं, ही मॅडमची जुनी खोड. ओसरीत गोळ्या न टाकलेलं गव्हाचं एक पोतं होतं. त्यांनी कापसाचा बोळा अत्तरात भिजवला, हात कोपरापर्यंत गव्हात घालून तो खाली सोडला आणि दाभण जगदेवच्या हाती दिलं. "तुमीच शिवा. तुमाले पाह्यजे तितकं पक्कं." जगदेवनी दुहेरी टाका घातला. मग सगळे चार पावलं लांब बसले.

वर्गात हा प्रयोग कुपी उघडी ठेवून व्हायचा, शेवटच्या बाकापर्यंत वास लगेच पोचायचा. इथं मधे हातभर गहू होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. लांबून जीपचा हॉर्न आला आणि विरून गेला. मॅडम जागच्या उठल्या नाहीत. वासच आला नाही तर आज त्यांनी स्वतःच्या हातानं या पोरीला त्या खोलीत निजवल्यासारखं होणार होतं.

"जेवून घ्या म्याडम," जगदेव उठत म्हणाले. याचा अर्थ प्रयोग संपला असा होता.

"बाबा, येऊन राह्यला वास," वैजयंती हळूच म्हणाली.

"तू त म्याडमच्याच पार्टीतली."

सोजरबाईनं तोंडाशी नेलेला तंबाखू खाली ठेवला. नाक दोनदा वर केलं. "येते बापा," ती म्हणाली. "मोगऱ्याचा हाय."

जगदेव पोत्याजवळ गेले, वाकले. टाक्यावरून बोट फिरवलं. एकही टाका सैल नव्हता. ते वाकूनच बोलले तेव्हा आवाज खाली आला होता. "मागच्या साली त्या खोलीत मांजर मेली. पोत्यावर निजली होती तशीच. आमी म्हटलं, म्हातारी झाली असन."

"म्हातारी कायची?" सोजरबाई म्हणाली. "तिच्या पिल्लायचे डोये बी उघडले नव्हते."

जगदेव तरातरा त्या खोलीतल्या खाटा काढायला निघाले. मॅडमनी त्यांना अडवलं. "आत जाऊ नका. खाटा राहू द्या तिथंच. दाराले कुलूप लावा, आठ दिवस कोणी उघडू नका. सारे जण अंगणात निजा." जगदेवनी कुलूप लावलं, किल्ली मॅडमच्या हातात दिली आणि त्यांना मोटारसायकलवर रिसोडपर्यंत सोडून आले.

दुसऱ्या दिवशी मॅडम पहिल्याच जीपनं आल्या. वर्गात शिरल्या त्या मान खाली घालून. बाकांकडे बघायचा त्यांना धीर होत नव्हता. त्यांनी हजेरी उघडली आणि एकेक नाव वाचत गेल्या. चौदावं नाव वैजयंतीचं.

ते त्यांनी वाचलं, आणि थांबल्या.

"हजर, म्याडम."

"ऐकू नाही आलं," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा सांग." खरं तर पहिल्या वेळीच त्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं.