कापलेलं अर्धं मिनिट

मोहाडीत माझं बियाण्यांचं आणि खताचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी मोबाईलवर धानाविषयी व्हिडिओ करतो. खोडकिडा कसा ओळखावा, रोवणीआधी काय पाहावं, असले विषय. पाहणारे बहुतेक आमच्याच तालुक्यातले, आणि त्यांत नातेवाईक बरेच.

मागच्या दिवाळीत माळा झाडताना एक कॅसेट सापडली. कॉलेजात असताना मी सरकारी रेडिओवरून एक कार्यक्रम उतरवून घेतला होता, तो तिच्यावर होता. शेजारच्या गावातले एक मासेमार काका त्यात तलावाविषयी बोलले होते. पाणी कोणत्या रंगावर आलं की मासोळी काठाला येते, वारा कुठून असेल तर जाळं टाकायचं नाही, वगैरे. काका जाऊन बरीच वर्षं झाली. आवाज मात्र तसाच होता, गालात तंबाखू धरून बोलल्यासारखा.

तो आवाज मी चॅनेलवर टाकला. सोबत तलावाचे फोटो लावले. सुरुवातीचा निवेदिकेचा नमस्कार कापला आणि तिथे माझ्या दुकानाची जाहिरात घातली. ‘सादरकर्ता’ म्हणून स्वतःचं नाव टाकलं. शेवटचं अर्धं मिनिटही कापलं, कारण तिथे खताची जाहिरात बसवायची होती. रेडिओचा उल्लेख कुठेच केला नाही. हे लिहिताना आताही कान तापतात, पण लिहितो.

परवानगीचा विचार सुचलाच नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. सुचला होता. मी त्याला उत्तरही दिलं होतं. रेडिओ सरकारी, सरकार आपलं, मग आवाजही आपलाच. असल्या हिशेबात मी फार हुशार आहे.

व्हिडिओ चालला. काकांच्या पत्नीला, म्हणजे काकींना, शेजारणीने तो मोबाईलवर लावून दिला. काकी रोज सकाळी मासोळ्या साफ करताना तो ऐकतात, असं कानावर आलं तेव्हा मी समाजसेवा केल्यासारखा चार दिवस फिरलो.

मग एके दिवशी व्हिडिओ गायब. रेडिओकडून तक्रार आली होती, सामग्री त्यांची आहे आणि परवानगी घेतलेली नाही अशी. मी दोन दिवस रेडिओवाल्यांना मनातल्या मनात नावं ठेवली. तिसऱ्या दिवशी बाजार होता. काकी मासोळ्यांची टोपली खाली ठेवून दुकानाच्या पायरीवर बसल्या.

“बाबू, मोबाईलात आमचा बुढा बोलून नाही राहिला,” त्या म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं, अर्थात माझ्या बाजूने. सरकारी रेडिओ म्हणजे लोकांचाच, तरी पाहा कसे वागतात, असं काहीबाही. काकींनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तलाव सरकारचा आहे ना? पाणी धानाच्या बांधीवाल्याचं. पन मासोळीले हात लावाचा तं आमच्या मासेमारांच्या संस्थेले पुसा लागते. तुनं कोनाले पुसलं?”

“कोणालाच नाही.”

“मलेबी नाही,” त्या म्हणाल्या, आणि टोपली डोक्यावर घेऊन गेल्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्याच संध्याकाळी मी रेडिओ केंद्राला पत्र लिहिलं. चूक कबूल केली. आठवड्याभरात तिथल्या एका बाईंचा फोन आला. मला वाटलं झापतील. त्यांनी उलट अर्ज कसा भरायचा ते समजावलं. कार्यक्रम कुठे दाखवणार, किती काळ, कशासाठी, सगळं लिहायचं. जाहिरात चालणार नाही. रेडिओचं नाव द्यायचं, पण त्यांचं चिन्ह वापरायचं नाही. काही कापायचं नाही, काही जोडायचं नाही. माझ्या कॅसेटवरची प्रत चालेल, पण पूर्ण हवी. शिवाय बोलणाऱ्याच्या घरच्यांची लेखी संमती.

म्हणजे काकींची सही. त्या नाही म्हणाल्या तर काकांचा आवाज कायमचा माझ्या माळ्यावर जाणार होता, आणि त्याला कारण मी.

कॅसेट वाजवणारा जुना टेप पिशवीत घालून मी त्यांच्या घरी गेलो. कागद वाचून दाखवला. ‘काही कापायचं नाही’ या ओळीवर अडखळलो, कारण काय कापलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

“काकी, मी शेवट कापला होता. तुम्ही तो कधी ऐकला काय?”

त्या म्हणाल्या की ज्या सांजेला काका रेडिओवर बोलले, त्या सांजेला त्या भंडाऱ्याच्या बाजारात मासोळ्या विकत होत्या. काय बोलले म्हणून घरी विचारलं, तर काकांनी ‘तलावाचं’ एवढंच सांगितलं होतं.

मी टेप लावला. निवेदिका विचारते, पाण्याचा रंग ओळखायला तुम्हाला कोणी शिकवलं? आणि काकांचा आवाज येतो:

“बायकोनं. तिचे डोये पाण्यात पाहाते. मी तं फकस्त जाळं फेकतो.”

टेप खरखरत संपला. मग काकी हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत.

“जिता होता तवा एकडावबी मले नाही बोलला हा बुढा. जगाले सांगून आला.”

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही, कळलं नाही; त्यांनी पेन मागितला. सही करता करता म्हणाल्या, खताचं मधात आणशील तं याद राख. रेडिओच्या चार पानांतली मुख्य अट त्यांनी एका वाक्यात घातली होती.

परवानगी यायला दीड महिना लागला. आता व्हिडिओ पूर्ण आहे, निवेदिकेच्या नमस्कारासकट. खाली रेडिओचं, काकांचं आणि काकींचं नाव आहे. माझं नाही. पाहणारे आधीपेक्षा कमी झालेत, आणि गंमत म्हणजे मला त्याचं काही वाटत नाही.

परवा त्यांच्या घरावरून गेलो. काकी ओसरीत मासोळ्या साफ करत होत्या, बाजूला मोबाईल. त्या सुरुवात ऐकतच नाहीत. ओला हात लुगड्याला पुसतात, बोट सरकवतात आणि थेट शेवटच्या अर्ध्या मिनिटावर जातात. ते संपलं की पुन्हा तेच. कार्यक्रम अखंड ठेवायची अट माझ्यावर आहे, काकींवर नाही.