अकरा पाकिटं, एक बादली

सान्ता एदुविहेस गावात लिओन्सिओ तेर्सेरोच्या तोडीला कुणी कधी नावं ठेवली नाहीत. एकोणीस हंगाम त्याने जाळलेला ऊस तोडला. कोयता जमिनीलगत चालला पाहिजे; चार बोटं बुडखा मागे उरला तर तेवढी साखर शेतातच राहिली. डाव्या हाताने ऊस धरायचा, उजव्याने एक घाव, शेंडा उडवायचा, मागे टाकायचा. दुसरा घाव लागला तर धार गेली असं समजून कानस काढायची. दिवसाला सहा टन, गरम राखेत उभं राहून. पाण्यासाठी थांबलं की ओळ मागे पडते, म्हणून तो कमी थांबायचा. सगळेच कमी थांबायचे.

विसाव्या हंगामाच्या तोंडावर कारखान्याने रक्त तपासलं. लिओन्सिओचं क्रिएटिनिन तीन पूर्णांक एक निघालं. तपासणाऱ्या माणसाने कागदावर 'कामास अयोग्य' असा शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली. लिओन्सिओ त्रेचाळीस वर्षांचा होता. दारू नाही, साखरेचा आजार नाही. मूत्रपिंडं मात्र निम्म्याहून जास्त गेलेली. पुढे काय होतं हे गावात सांगावं लागत नव्हतं. आकडा चढत जातो, मग शहरातलं रक्त गाळायचं यंत्र, आठवड्यातून तीन दिवस. यंत्रावर गेलेल्या माणसांच्या बायका गल्लीत होत्या. माणसं नव्हती.

लिओन्सिओला एकच हवं होतं, ते यंत्र लागू नये.

त्याच वर्षी शहरातून डॉक्टर मिरेया खोकी घेऊन आल्या. गावातली अकरा आजारी माणसं त्यांनी आरोग्य केंद्राच्या ओसरीवर बसवली. बहुतेक लिओन्सिओच्याच टोळीतली.

"हे कच्च्या केळ्याचं पीठ आहे," त्या म्हणाल्या. "यातला स्टार्च वरच्या आतड्यात पचत नाही. खाली मोठ्या आतड्यात जातो. तिथले चांगले जंतू तो खातात. ते जगले तर पोटात विष कमी तयार होईल आणि तुमच्या मूत्रपिंडांवरचं ओझं हलकं होईल, अशी आशा आहे. नुसती आशा. औषध नाही हे."

"केळी घरी आहेत की," त्रान्सितो म्हणाला. तो टोळीतला तोंडाळ माणूस. "परसात लोंबतायत."

"केळ्यात पोटॅशियम असतं, ते तुम्हाला बाधेल. या पिठातलं काढून टाकलंय. आणि केळं शिजवलं की हा स्टार्च पचायला लागतो. म्हणून पीठ गरम करायचं नाही. गार पिनोलात ढवळून प्यायचं."

मग त्यांनी अवघड गोष्ट सांगितली. अकरातल्या काहींच्या पाकिटात हे पीठ होतं आणि काहींच्या पाकिटात साधं, पचणारं. दिसायला, चवीला सारखंच. कुणाला कोणतं, ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

"म्हणजे बाई, तुम्ही आमच्याशी जुगार खेळताय," त्रान्सितो म्हणाला.

"हो," मिरेया म्हणाल्या. "पण त्याशिवाय खरं कळत नाही."

लिओन्सिओने ते काम कामासारखं केलं. रोज सकाळी सहाला, जेव्हा पूर्वी ओळीवर उभा असायचा, तेव्हा तो पाकीट फोडायचा. बायको ओब्दुलिया आदल्या दिवशीच भाजलेल्या मक्याच्या पिठाचं पिनोल करून गार ठेवायची. तो गाठी मोडेपर्यंत ढवळायचा, एका दमात प्यायचा, पेला विसळून ते पाणीही प्यायचा. पहिले तीन आठवडे पोट फुगलं. नंतर बसलं. दुसऱ्या महिन्यात आजारामुळे तोंडात येणारी लोखंडाची चव गेली. अंगाची खाज कमी झाली. ओब्दुलियाला तो काही बोलला नाही. तिलाच दिसलं, कारण तो पाठ खाजवायला मक्याचं कणीस मागेनासा झाला.

तिसऱ्या महिन्यात रक्त घेतलं. तीन पूर्णांक एक. जिथल्या तिथे.

अकरातल्याच नासारिओचं चार पूर्णांक एक झालं होतं.

नासारिओ त्याचा कोंपाद्रे, त्याच्या थोरल्या मुलीचा धर्मबाप. एकोणीस हंगाम शेजारच्या ओळीत. आता अंगणात खुर्चीवर बसला की उठताना हात द्यावा लागायचा. सकाळी ओकाऱ्या, पावलांवर सूज.

एका दुपारी त्रान्सितो लिओन्सिओकडे आला आणि उंबऱ्यात टेकला.

"लिओन्सिओ, तुझं पाकीट खरं आहे."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या तोंडाने. गाल बघ तुझे. आणि नासारिओला ती डॉक्टर बाई नुसत्या कण्या पाजतेय."

"डॉक्टरांनाही माहीत नाही, तुला कसं माहीत?"

"मला पंचवीस वर्षं ऊस बघून कळतं गोड कुठला ते."

नासारिओ तिथेच बसला होता. तो म्हणाला, "सोड रे. त्याला मिळतंय ते मिळू दे." आणि तोंड फिरवून पातेल्यात ओकला.

शेतात टोळी जेवायला बसायची तेव्हा एक पोतं अंथरायचे आणि सगळ्यांचे डबे त्यावर उलटे करायचे. भात, घेवडा, कुणाचं एखादं अंडं. स्वतःच्या डब्यातून कुणी खायचं नाही. जो बाजूला बसून खाईल त्याला पुढच्या हंगामात टोळी घेत नसे. लिओन्सिओने एकोणीस वर्षं डबा उलटा केला होता. आता हातात पाकीट धरून बाजूला बसणं त्याला जमेना.

"सगळ्यांची पाकिटं एकत्र करू," तो म्हणाला.

ओब्दुलिया आतून बाहेर आली. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? आकडा थांबलाय तुझा. थांबलाय! गावात कुणाचा थांबलाय?"

"नासारिओ समोर बसलाय, ओब्दुलिया."

"मला दिसतोय ना. आंधळी नाही मी." ती नासारिओकडे वळली. "कोंपाद्रे, राग मानू नका. पण हा माझा नवरा आहे."

"मी काही मागितलेलं नाही, कोमाद्रे," नासारिओ म्हणाला.

"तेच तर! मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं."

ती दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी झाकणाची पांढरी बादली घासून वाळवली आणि दारात ठेवली. "करायचंच असेल तर नीट करा," ती म्हणाली. "कुणाला चमचाभर जास्त नाही आणि कमी नाही. मापाचं मी बघते."

बाकीचेही कबूल झाले. रोज सकाळी अकरा पाकिटं बादलीत पडायची. ओब्दुलिया कोरड्या पळीने खालून वर ढवळायची, मग सपाट मापाने अकरा वाटे घालायची. कडेला चिकटलेलं पीठ चाकूने खरवडून तेही वाटायची. तीन महिने तिने एक दिवस चुकवला नाही.

लिओन्सिओच्या तोंडात लोखंडाची चव परत आली. त्याने ती गिळली.

सहाव्या महिन्यात डॉक्टर मिरेया घरी आल्या. आकडे त्यांना उमगत नव्हते. पहिल्या तीन महिन्यांत माणसांचे दोन गट पडल्यासारखे दिसत होते, नंतर सगळं एकमेकांत मिसळलं होतं. "पाकीट रोज घेताय ना?" त्यांनी विचारलं.

"एकही चुकलं नाही, डॉक्टर," ओब्दुलिया म्हणाली आणि बादली पुढे आणून झाकण उघडलं. "बघा. रोज इथे, माझ्या हाताने. कुणाचा हक्क मारला नाही."

मिरेयांनी बादलीत पाहिलं. मग खाली बसल्या, जमिनीवरच.

"किती दिवसांपासून?"

"तीन महिने."

त्या कुणावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं लिओन्सिओला वाटलं. त्यांनी हळू आवाजात सांगितलं की आता या गावाचे आकडे वापरता येणार नाहीत. गाव अभ्यासातून काढावं लागेल. गाव काढलं की पाकिटं येणार नाहीत.

"मी अडवून बघेन," त्या म्हणाल्या. "पण माझ्या हातात नाही."

"चूक माझी," लिओन्सिओ म्हणाला. "बाकीच्यांना द्या. मला काढा."

"तसं होत नाही हो."

"मग माझं कोणतं होतं, तेवढं सांगा."

"मलाही माहीत नाही. यादी राजधानीत बंद आहे. सगळ्या गावांचं संपल्यावर उघडतील. दोन वर्षांनी."

ओब्दुलियाच्या हातात झाकण तसंच होतं. "मी तर कणसुद्धा इकडचा तिकडे होऊ दिला नाही," ती म्हणाली. 

नासारिओ पावसाळा संपायच्या आत गेला. शेवटच्या आठवड्यात त्याने लिओन्सिओचं मनगट धरून म्हटलं, "तुझं खरं असेल तर माझ्या पोटात तीन महिने गेलं, गड्या." लिओन्सिओ हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

डॉक्टर मिरेया पाकिटांशिवायही येत राहिल्या. दर वेळी रक्त घ्यायच्या. तीन पूर्णांक सहा. चार पूर्णांक चार. पाच पूर्णांक नऊ झाल्यावर त्यांनी सुई ठेवली आणि त्याच्यासमोर स्टूल ओढलं.

"यंत्रासाठी हाताची एक शीर आधी तयार करून घ्यावी लागते. छोटं ऑपरेशन. ज्या हाताने तुम्ही कमी काम करता त्या हाताची."

लिओन्सिओने दोन्ही हात मांडीवर ठेवून पाहिले. उजवा कोयत्याचा. डावा ऊस धरायचा. त्याच्या चारही बोटांवर पात्यांचे व्रण. कमी काम केलेला हात त्यात नव्हता.

"कोणता, तुम्हीच सांगा," तो म्हणाला.

"डावा," मिरेया म्हणाल्या.

त्याने बाही वर केली आणि डावा हात पुढे केला.